दोन मिनिटांचे उड्डाण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरचा वक्ता बोलवावा अशी आपली जुनी प्रथा आहे. यंदा ठरलेले पाहुणे आयत्या वेळी येऊ शकले नाहीत. तेव्हा चिटणीसबाईंनी मला गाठले आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही लेकीकडे स्कॉटलंडला राहून आला आहात. तिकडच्या चार गोष्टी सांगा." मी म्हटले, "अगं, मला भाषण कुठे येते? पण गोष्ट सांगेन." म्हणून आज मी इथे उभी आहे.

थोड्या वेळापूर्वी आपल्या खजिनदारबाईंनी जमाखर्च वाचून दाखवला. त्यातल्या एका ओळीपाशी मी शेवटी येणार आहे. तेवढे ध्यानात असू द्या.

माझी धाकटी मुलगी नोकरीनिमित्त ग्लासगो शहरात असते. २०१९ च्या मे महिन्यात तिने मला ऑर्कनीची बेटे दाखवायला नेले. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ही बेटे समुद्रात विखुरलेली आहेत. लहानमोठी मिळून सत्तरएक. त्यांपैकी माणसांची वस्ती वीसएक बेटांवर. सगळ्या ऑर्कनीची लोकसंख्या बावीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. कर्कवॉल हे तिथले मुख्य गाव. तिथून लोगनएअर या कंपनीची लहान विमाने उत्तरेकडच्या सहा बेटांना जातात.

लहान म्हणजे किती लहान ते सांगते. आठनऊ माणसे बसली की विमान भरले! कोणी कुठे बसायचे ते वजनाचा तोल पाहून ठरते. माझे वजन विचारले तेव्हा मी हळूच दोन किलो कमी सांगत होते, तर मुलगी मध्येच म्हणाली, "आई, इथे तरी खरे सांग." मग मला थेट वैमानिकाच्या शेजारी बसवले. माझ्यासमोर घड्याळांसारख्या तबकड्या, खाली हिरवीगार शेते आणि त्यांना वेढून निळा समुद्र. एसटीत चालकाशेजारच्या जागेवर बसावे तसे वाटत होते.

आम्ही आधी वेस्ट्रे बेटावर उतरलो. एक बाई आपली पिशवी घेऊन उतरल्या, टपालाची थैली खाली गेली आणि विमान पुन्हा निघाले. त्या पुढचे बेट पापा वेस्ट्रे. मधले अंतर पावणेतीन किलोमीटरांहून कमी. मी पट्टा नीट बसला आहे का पाहते तोवर आम्ही उतरलोसुद्धा! वेळापत्रकात या प्रवासाला दोन मिनिटे दिलेली आहेत, आणि वारा अनुकूल असेल तर तेवढीही लागत नाहीत. वेळापत्रकाप्रमाणे चालणारे जगातील सर्वांत छोटे उड्डाण म्हणून याची ख्याती आहे. स्टुअर्ट लिंकलेटर नावाच्या वैमानिकाने ते एकदा त्रेपन्न सेकंदांत पुरे केले होते. या गृहस्थांनी निवृत्त होईपर्यंत हीच फेरी बारा हजारांहून अधिक वेळा केली.

पापा वेस्ट्रेवर माणसे शंभराच्या आत. बेट लांबीला सहासात किलोमीटर, रुंदीला दीडएक. तिथे पाच हजार वर्षांहून जुनी दगडी घरे आहेत; ती पाहायलाच आम्ही गेलो होतो. गावकऱ्यांनी मिळून चालवलेले एक सहकारी दुकान आहे. तिथे चहा घेताना एका वृद्ध बाईंशी बोलणे निघाले. मी सहज म्हटले, "एवढ्या थोड्या माणसांसाठी विमान! खर्च कसा परवडतो?" त्या हसल्या. म्हणाल्या, "परवडत नाहीच. पण ते आहे म्हणून आम्ही इथे आहोत."

परतल्यावर मी या विमानांची हकिकत मिळेल तिथून वाचून काढली. तीच आज तुम्हाला सांगणार आहे.

या बेटांकडे विमाने वळली ती १९३३ साली. त्या वर्षीच्या मे महिन्यात कॅप्टन फ्रेसन नावाच्या वैमानिकाच्या हायलंड एअरवेज कंपनीने मुख्य भूमीवरच्या इन्व्हरनेस गावाहून ऑर्कनीला नियमित विमान सुरू केले. मधला समुद्र फार खवळलेला. भरतीओहोटीचे प्रवाह तिथे एकमेकांवर आदळतात आणि बोटीने जाणाऱ्याची आतडी पिळवटून निघतात. फ्रेसन साहेबांचे विमान ते अंतर थोड्या वेळात पार करू लागले. सुरुवातीला लोकांना विश्वास वाटेना. मग २९ मे १९३४ पासून टपाल त्यांच्या विमानाने जाऊ लागले, आणि तेही नेहमीच्याच तिकिटात, जादा पैसे न घेता. ब्रिटनच्या अंतर्गत टपालात ही सोय पहिल्यांदा झाली ती लंडनला नव्हे, तर या कडेच्या बेटांना. याच सुमारास कर्कवॉलहून लहान बेटांनाही फेऱ्या सुरू झाल्या.

त्याच १९३३ साली पश्चिम किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट घडली. आयले नावाच्या बेटावर एक कोळी पोटाच्या दुखण्याने अत्यवस्थ झाला. बोटीने नेण्याइतका अवधी नव्हता. मिडलंड अँड स्कॉटिश एअर फेरीज या कंपनीचे विमान १४ मे रोजी त्याला घेऊन ग्लासगोजवळच्या रेनफ्रू विमानतळावर आले. तो माणूस वाचला. स्कॉटलंडमधील हवाई रुग्णसेवेचा आरंभ या दिवसापासून मानतात.

या कंपनीत एक मुलगी वैमानिक होती हे सांगितले तर तुम्हाला आनंद होईल. तिचे नाव विनिफ्रेड ड्रिंकवॉटर. १९३२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने प्रवासी विमान चालवण्याचा परवाना मिळवला. जगातील पहिली व्यावसायिक स्त्री वैमानिक म्हणून तिचा उल्लेख केला जातो. आपल्या आज्या त्या काळी माहेरी जायलासुद्धा सोबत शोधत होत्या, आणि ही मुलगी प्रवाशांना घेऊन बेटांकडे विमान नेत होती!

पण मैत्रिणींनो, ही गोष्ट सरळ चढत गेलेली नाही. ती मिडलंड कंपनी १९३४ साली बंद पडली. महायुद्ध आले आणि ऑर्कनीच्या लहान बेटांच्या फेऱ्या थांबल्या. युद्धानंतर, १९४७ साली, या सगळ्या छोट्या कंपन्या सरकारी ब्रिटिश युरोपियन एअरवेजमध्ये विलीन झाल्या. पुढच्याच वर्षी फ्रेसन साहेबांना तिथून बाहेर पडावे लागले. मोठ्या कंपनीने मोठे मार्ग चालवले. कर्कवॉलला विमान येत राहिले, पण पलीकडच्या बेटांना मात्र ते परत मिळाले नाही. पंचवीसहून अधिक वर्षे तिथली माणसे पुन्हा बोटीची वाट पाहत राहिली. बंद करायला एक दिवस लागला होता. पुन्हा सुरू व्हायला एक पिढी गेली.

ते सुरू केले लोगनएअरने. ही कंपनी निघाली १९६२ साली, आणि तीही बेटांसाठी नव्हे. विली लोगन नावाचे एक मोठे कंत्राटदार होते. रस्ते, पूल अशी त्यांची कामे लांबलांब चालायची. डंडी शहराजवळ टे नदीवरचा रस्त्याचा पूल त्यांच्याच कंपनीने बांधला. कामावर लवकर पोचता यावे म्हणून त्यांनी भाड्याच्या मोटारीसारखी विमानसेवा काढली. पुढे १९६६ च्या जानेवारीत दैवाने उलटा घाव घातला. आपले विमान मोकळे नव्हते म्हणून लोगन दुसऱ्या कंपनीचे विमान घेऊन निघाले, आणि इन्व्हरनेसजवळ अपघात होऊन गेले. पाठोपाठ कंपनीही जाईल असे कोणालाही वाटले असते. पण ती टिकली. १९६७ साली तिने ऑर्कनीच्या बेटांमधल्या फेऱ्या पुन्हा सुरू केल्या, आणि १९६८ साली एका स्कॉटिश बँकेने तिची मालकी घेतली.

बेटांवर लांब धावपट्ट्या कुठून असणार? गवताचे सपाट कुरण हीच धावपट्टी. त्यासाठी योग्य विमान मिळाले ते आयलंडर नावाचे. आयलंडर म्हणजे बेटकर. दोन इंजिनांचे हे साधे विमान आहे. थोड्या जागेत उतरते, थोड्या जागेतून उडते. ब्रिटन-नॉर्मन कंपनीने ते इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर बनवले, आणि १९६५ साली ते प्रथम उडाले. बेटाची गरज बेटावरच्यांनाच कळली म्हणायची!

आणखी एक बेट आहे, त्याचे नाव ऐकून आपण हसाल: बारा! आकडा नव्हे, बेटाचे नाव. तिथला विमानतळ म्हणजे समुद्रकिनाऱ्याची वाळू. ओहोटीला पुळण उघडी पडली की विमान उतरते. भरती आली की विमानतळ पाण्याखाली! वेळापत्रक पाहायचे ते पंचांगातली भरतीओहोटी बघूनच. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी खांबावर चढवलेली दिसली की शिंपल्या गोळा करणाऱ्यांनी पुळणीवरून बाजूला व्हायचे, असा नियम. ग्लासगोहून तिथे जाणारे विमान लोगनएअरचेच.

या विमानांतून कोण कोण जाते म्हणाल? डॉक्टर, जनावरांचे डॉक्टर, बेटाबेटांवर जाऊन शिकवणारे शिक्षक. मोठी मुले कर्कवॉलच्या शाळेत वसतिगृहात राहून शिकतात. आणि बँकसुद्धा विमानाने जात असे! मेझी म्यूर नावाच्या एक बाई रॉयल बँकेत होत्या. पैशांची बॅग घेऊन त्या बेटांवर जायच्या, म्हाताऱ्यांचे पेन्शनचे पैसे, शेतकऱ्यांचे हिशेब पुरे करायच्या आणि परत यायच्या. बँकेच्या कामासाठी त्यांनी लोगनएअरच्या विमानाने ८,४०० हून अधिक वेळा प्रवास केला. आपल्यातली एखादी जशी रोज लोकलने कामाला जाते, तशा त्या विमानाने जात.

आता मुख्य गोष्ट सांगते, ती रुग्णसेवेची.

लोगनएअरच्या आधी हे काम ब्रिटिश युरोपियन एअरवेजची विमाने करीत. विमानात रुग्णाबरोबर परिचारिका लागे. ग्लासगोच्या सदर्न जनरल हॉस्पिटलमधल्या परिचारिका या कामाला आपणहून नावे देत. बोलावणे आले की रात्री-अपरात्री, वादळात निघत. २८ सप्टेंबर १९५७ च्या रात्री असेच एक विमान आयले बेटावरच्या रुग्णाला आणायला निघाले. हवा वाईट होती. विमान उतरता उतरता कोसळले. दोन वैमानिक कर्मचारी आणि सिस्टर जीन केनेडी, तिघेही गेले. पुढे कंपनीने आपल्या एका रुग्णविमानाला सिस्टर जीन केनेडी हे नाव दिले. आणि परिचारिका? त्या नावे देत राहिल्या. १९७३ साली हे काम लोगनएअरकडे आले आणि २००६ पर्यंत तिच्याकडे होते. त्या कामात तिलाही किंमत मोजावी लागली. २००५ च्या मार्च महिन्यात एका आजारी मुलाला आणायला निघालेले विमान समुद्रात पडून वैमानिक आणि रुग्णसेवक असे दोघे गेले.

पण त्याच १९७३ साली एक गोड प्रसंगही घडला. अडलेल्या बाईला घेऊन विमान रुग्णालयाकडे निघाले होते, आणि बाळ काही थांबायला तयार नव्हते. आकाशातच ती प्रसूत झाली. मुलगी झाली! आईवडिलांनी वैमानिकाच्या आणि कंपनीच्या नावांतली अक्षरे घेऊन बाळाच्या नावात गुंफली.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. कारण मला माझी ताईमावशी आठवली.

माझे आजोळ कोकणात, जयगडच्या खाडीकाठचे. पावसाळा तोंडावर आला की मुंबईच्या बोटी बंद होत, त्या नारळी पौर्णिमेनंतर सुरू होत. ते चार महिने आमचे गाव म्हणजे बेटच. ताईमावशी पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आली होती. आषाढातली रात्र. सुईणीने हात टेकले. डॉक्टर खाडीपलीकडे, आणि खाडीला असे उधाण की तरीवाला म्हणाला, "बायो, होडी घातली तर पलीकडे लागणार नाही." आजोबा पहाटेपर्यंत धक्क्यावर कंदील घेऊन उभे होते. पाऊस उतरला तोवर घरातले सगळे संपले होते. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. पण माझ्या आईने ही हकिकत सांगताना तरीवाल्याला कधी दोष दिला नाही. ती एवढेच म्हणायची, "आमच्याकडे यायचे कोणी ठरवलेच नव्हते."

पापा वेस्ट्रेच्या त्या आजीबाईंचे बोलणे मला तिथे उमगले. विमान रोज कोणाचा जीव वाचवत नाही. रोज त्यातून टपाल जाते, मास्तर जातात, एखादी माझ्यासारखी पाहुणी जाते. पण ते येणार हे ठरलेले असते. म्हणून तरुण सून त्या बेटावर संसार मांडू शकते, आणि म्हातारी आपल्या घरात राहू शकते.

मग याचा खर्च कोण करतो? तिकिटांतून तो निघत नाही, निघणारही नाही. तोटा ऑर्कनीची परिषद, आपल्याकडची जिल्हा परिषद म्हणा, सार्वजनिक पैशांतून भरून देते. हे लोककर्तव्य आहे असे तिथे कायद्यानेच मानले आहे. कंपनीचे मालक बदलले. १९९४ पासून ब्रिटिश एअरवेजचे आणि २००८ पासून फ्लायबीचे नाव तिने विमानांवर मिरवले. २०१७ पासून ती पुन्हा स्वतःच्या नावाने उडू लागली. विमानावरचे रंग बदलले, तरी बेटावरची फेरी चालू राहिली. ती चालू ठेवायची की नाही हा प्रश्न दरवर्षी "किती माणसे बसली" एवढ्यावर सोडवला असता, तर ती केव्हाच बंद पडली असती.

आता मी खजिनदारबाईंच्या त्या ओळीपाशी येते.

"घरपोच पुस्तके: रिक्षाभाडे." ही ती ओळ. आपल्या मंडळाच्या दोघी जणी दर बुधवारी पुस्तकांची पिशवी घेऊन, ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा भगिनींकडे जातात. सुरू केले तेव्हा तेवीस जणी होत्या. आज सात उरल्या आहेत. कार्यकारिणीपुढे सूचना आहे की सात जणींसाठी हा खर्च कशाला, ते पैसे सहलीकडे वळवावेत. सूचना करणाऱ्या भगिनींचा हेतू वाईट नाही. जमाखर्च जुळवावा लागतो हे मलाही कळते. सहलीला मी स्वतः हौसेने येते.

पण गेले वर्षभर या सातांपैकी दोघींकडे मी जाते आहे. एक जण पुस्तक वाचतही नाही आता, डोळ्यांनी दिसत नाही. पण बुधवारी सकाळी वेणीफणी करून खुर्चीत बसलेली असते. गेल्या श्रावणात दुसरीने दार उघडले नाही, म्हणून आम्ही शेजाऱ्यांना हाक मारली. ती न्हाणीघरात पडलेली सापडली. पाय मोडला होता, पण वेळेवर दवाखान्यात पोचली. आज ती इथे आलेली नाही, पण हे भाषण छापून आले की तिला वाचून दाखवण्याचे मी कबूल केले आहे.

पिशवीत पुस्तके किती गेली याचा हिशेब जरूर ठेवा. पण बुधवारी कोणीतरी येणार हे सात घरांतून ठरलेले आहे, तेही त्या हिशेबात धरा. आणि ऑर्कनीकरांचा अनुभव विसरू नका. बंद केलेली फेरी पुन्हा सुरू व्हायला पंचवीस वर्षे लागली. आपल्या सात जणींपाशी तेवढी वर्षे नाहीत.

रिक्षाभाड्याचीच अडचण असेल, तर पुढच्या वर्षाचे निम्मे भाडे मी देईन. उरलेल्या निम्म्यासाठी आणि बुधवारच्या पाळीसाठी नावे हवी आहेत. चहापानाच्या वेळी चिटणीसबाईंच्या टेबलावर वही ठेवलेली असेल. सिस्टर जीनसारखे वादळात जायचे नाही. चार गल्ल्या ओलांडून जायचे आहे.